हॉर्नचा फ्यूज

घोरच्या खोऱ्यातून कराककडे चढणारा घाट निम्मा झाला आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. अव्वादने मुकाट्याने गाडीचा हीटर पूर्ण सोडला. भर ऑगस्टात आत भट्टीसारखी झळ आली.

"पास झाले म्हणून भाजून काढताय का मला?" शेजारी बसलेली फिद्दा म्हणाली.

इंजिनातली उष्णता आत ओढून घेतली की तेवढीच त्याला कमी, असं त्याने समजावलं. मग दोघांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली आणि आणखी थोडा घाट रेटला. पण पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, तेव्हा त्याने गाडी कडेला, एका खडकाच्या सावलीत घेतली.

सकाळीच तौजिहीचा निकाल लागला होता. शाळेतली ही शेवटची परीक्षा फिद्दा नातवंडं झाल्यावर द्यायला बसली होती, आणि पास झाली होती. तीच बातमी घेऊन दोघं नवराबायको वर डोंगरात तिच्या माहेरी निघाली होती. खालून येणाऱ्या, पास झालेल्यांच्या गाड्या रिवाजाप्रमाणे गावाला निकाल कळवायला हॉर्न वाजवत, पोरं खिडक्यांतून लोंबकळत, त्यांना मागे टाकून पुढे जात होत्या. प्रत्येक गाडी गेली की अव्वाद तिच्याकडे वळणापर्यंत बघत राही.

इंजिन निवेपर्यंत दोघांनी माहेरासाठी घेतलेल्या कलिंगडांपैकी एक फोडून खाल्लं. मग त्याने हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं. थोडं पाणी उकळून गेलं होतं, तेवढं भरलं. नळ्या चाचपल्या, कुठे गळत नव्हतं. पंखा काडीने ढकलून पाहिला, तो सहज फिरला. पण गाडी चालू करून पुन्हा तापू दिली, तर पंखा जागचा हलेना.

"पंखा धड आहे. त्याला वीजच पोचत नाहीये," तो म्हणाला.

स्टिअरिंगच्या खाली फ्यूजचा डबा होता. अव्वादचे डोळे जवळचं बघायला आता कुचराई करत, म्हणून फिद्दाच गुडघ्यांवर वाकली. पंख्याचा फ्यूज तिने उपसून उन्हात धरला. आतली तार वितळून तुटली होती. तिने बाकीच्यांवरचे आकडे वाचले. त्याच मापाचा आणखी एकच निघाला.

"हॉर्नचा आहे," ती म्हणाली.

अव्वाद म्हणाला की घाई कसली आहे, प्रत्येक वळणावर थांबत, गाडी निववत जाऊ, दिवस मावळेपर्यंत पोचू.

"हॉर्नसाठी?"

"आजच्या दिवशी तरी मुकं जायला नको, फिद्दा."

"मी पास झाले ते मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे. आणखी कुणाला ओरडून सांगायचंय?"

"तुझ्या भावांना," अव्वाद म्हणाला.

तिने मान खाली घातली. शाळा सोडवून तिचं लग्न लावून दिलं ते भावांनीच. तिने पुन्हा पुस्तक हातात धरल्याचं कळलं तेव्हा, म्हाताऱ्या उंटिणीला नाच शिकवताय का, असं त्यांनी अव्वादलाच विचारलं होतं. तो हसून गप्प बसला होता. तो नेहमीच गप्प बसत आला होता. पोरांच्या लग्नांतही नाचणाऱ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस.

फिद्दाने हॉर्नचा फ्यूज उपसला आणि पंख्याच्या जागी दाबून बसवला. जरा वेळाने पंखा घरघरत सुरू झाला. काटा हळूहळू खाली आला. अव्वादने स्टिअरिंगच्या मधोमध अंगठा दाबून पाहिला. आवाज आला नाही.

गाव आलं तेव्हा चौकात कुणाच्या तरी नातवासाठी हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता. त्यातून त्यांची गाडी गुपचूप निघाली आणि माहेरच्या गल्लीत शिरली. दुकानासमोरच्या बाकावर फिद्दाचा थोरला भाऊ मितिब चार जणांत बसला होता. आवाज न करता आलेली गाडी त्याने पाहिली, उठून खिडकीपाशी आला आणि मवाळ आवाजात म्हणाला, "असू दे, बाई. या वयात त्यावाचून कुणाचं काय अडतंय?"

फिद्दाने बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच अव्वादने दुसऱ्या खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि तोंडावर तळहात आडवा धरून झगारीत म्हणतात ती आरोळी घातली. जीभ हलवत एका दमात खेचायची ती लांब किलकारी. लग्नाकार्यात ती घालावी बायकांनीच, पुरुष कधी तोंडातून काढत नाहीत. त्याची किलकारी मध्येच फाटली. त्याने दम घेऊन पुन्हा घातली.

बाकावरची माणसं उभी राहिली. दारंखिडक्या उघडल्या. बायका आधी हसू लागल्या, एकमेकींना कोपर मारू लागल्या. मग त्यांतल्या एकीला उमगलं. तिने त्याची तुटलेली किलकारी उचलली, दुसरीने तिची, आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मितिब खिडकीवर हात ठेवून तसाच उभा होता. फिद्दाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

अव्वादने तिसऱ्यांदा घातली. आता ती नुसती घरघर होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून फिद्दाच्या म्हाताऱ्या आईची हाक आली, "कोण गं ती बाई? घसा बसलाय बिचारीचा. आत घ्या तिला, पाणी द्या."