मागे नेलेली तारीख

रेश्माने लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, तरी ॲप स्टोअर उघडेना. शेजारच्या साळवीकाकूंच्या पेसमेकरचं अपडेट आजच घ्यायला हवं होतं, नाहीतर तो बंद पडला असता.

"काकू, लॅपटॉपची तारीख दोन महिने मागे आहे. म्हणून अडलंय."

"रोज उठून मीच मागे नेते," काकू थकल्या आवाजात म्हणाल्या. "ते ॲपवाले गेलेल्या माणसाचा आवाज लॅपटॉपवर वर्षश्राद्धापर्यंतच चालू ठेवतात ना. ह्यांचं मे महिन्यातच झालं."

रेश्माचा हात थांबला. तारीख बरोबर केली, की काका कायमचे गप्प होणार होते.

"नऊ वाजू देत," काकू म्हणाल्या.

नऊला लॅपटॉपमधून काकांनी नेहमीसारखं विचारलं, "अगं, गोळी घेतलीस का?"

"घेतली हो," काकूंनी सांगितलं आणि माऊस रेश्माकडे सरकवला.