परीक्षेचे खेळाडू

नमनगान शहराच्या मैदानावर त्या वर्षी फुटबॉल प्रशिक्षकांची परीक्षा होती. ज्याची पाळी असेल त्याने संघ खेळवून दाखवायचा आणि बाकीच्या उमेदवारांनी त्याचे खेळाडू व्हायचं, अशी रीत. आधीच्या सगळ्यांसाठी मंडळी जीव तोडून धावली. मग उमेदवारांतल्या एकमेव बाईची, ओयदिनची, पाळी आली आणि निम्म्यांचे पाय जड झाले. ती नापास झाली असती, तर तिच्या मुलींच्या संघावर दुसऱ्याच कुणाला आणून बसवणार होते. कुणी सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा राहिला, कुणी हसत म्हणाला, "आपा, त्यापेक्षा नान भाजायची परीक्षा द्या की. आम्ही आत्ता पास करतो."

ओयदिनचं डोकं फिरलं. तिने शिट्टी मारली आणि उभे होते तेवढ्यांना रेषेबाहेर काढलं. त्यांत तिचा थोरला भाऊ, बोतिर अकाही होता.

"अगं, खेळाडूच उरले नाहीत, तर गुण कशाचे देऊ?" परीक्षक वैतागले.

"उरलेत त्यांच्या खेळाचे द्या, उस्ताद."

खेळ पुन्हा सुरू झाला. रेषेपलीकडून बोतिर हळूच म्हणाला, "ओयदिन, मला तरी आत घे. मी कुठे हसलो होतो?"

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"धावलाही नव्हतास, अका."