दारापर्यंतचं

विमानतळाच्या दारासमोर जीप लावून पुंजारामनं बहिणीला समजवायला सुरुवात केली. बियाणे कंपनीच्या साहेबांना जालन्याहून इथं आणून सोडायचं, हेच त्याचं काम. दारापर्यंतचं सगळं त्याला पाठ होतं. आतलं नुसतं साहेबांच्या तोंडून ऐकलेलं. पण सांगत असा होता, जणू रोज विमानानंच ये-जा करतो.

"हे तिकीट आन आधार कार्ड दारावरच्या पोलिसाला दाखवायचं. मंग मोठी पिशवी काउंटरवर द्यायची. ती दिल्लीत उतरल्यावर भेटती, घाबरायचं न्हाई. पुढं एक बाई अंग तपासती. बिलकुल लाजू नको. चंचीत अडकित्ता हाये का?"

बेबीनंदानं अडकित्ता काढून त्याच्या हातावर ठेवला.

"बराबर. न्हाईतर काढून घेत्यात."

तिचा नवरा तातेराव दिल्लीकडं ट्रक चालवायचा. काल तिच्या दिराचा, राधाकिसनचा पुंजारामला फोन आला. अपघातात तातेराव जागीच गेला होता. मातीसाठी राधाकिसन तिथं तिची वाट बघत होता. पुंजारामनं घरी येऊन सांगितलं, दाजी सिरियस हायेत. हा शब्द आपल्याकडं फार कामाचा. सांगणाराही सुटतो आणि ऐकणाराही प्रवासाला लागतो. पुंजाराम मात्र सुटला नव्हता. ऐपत एकाच तिकिटाची होती. खरं कळलं तर ही एकटी आत जाईल कशी, या धास्तीनं तो नियमांवर नियम सांगत सुटला होता.

"खुर्चीला पट्टा असतो. लागला न्हाई तर शेजारच्याला म्हणायचं. कानाला दडे बसत्यात, थुंकी गिळायची. बाहेर राधाकिसन उभाच हाये. दाजीला भेटलीस की..."

पुढचं त्याला सुचेना.

"की फोन कर."

तिनं मान हलवली. कालपासून ती रडली नव्हती, तिनं काही विचारलंही नव्हतं. पुंजारामला त्याचं बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

लोक आत जाऊ लागले.

"चल, जल्दी कर."

ती हलली नाही.

"दादा, गिरिजाबाईचा नवरा नागपूरला दवाखान्यात होता, तव्हा ती एसटीनं गेल्ती. तूच तिला बसवून दिलं." ती थांबली. "आपल्यात जित्या माणसासाठी इमानाचं तिकीट कुणी काढलंय का?"

पुंजारामची मान खाली गेली.

बेबीनंदानं पदर सावरला, पिशवी उचलली. दारापर्यंत गेली आणि मागं वळली. आवाजात कसलाच चढ-उतार नव्हता.

"इमानात रडलेलं चालतं का?"