गुलमंडीचा बन्सी

“उचल ते डबडं आणि नीघ घरातून.” गेमपायी परीक्षा बुडवली म्हणून अनंतरावांनी लेकाला, सुयशला, हाकललं, तेव्हा मीनाक्षी पिठाचे हात तसेच धरून मुकी उभी राहिली. सुयशनं घराशी बोलणंच तोडलं. मग दुपारी नवरा कलंडला, की ती लेकाचाच गेम उघडायची आणि ‘गुलमंडीचा बन्सी’ बनून, नुसतं टाइप करत, त्याच्या जोडीनं खेळायची.

आज तिचा जुना लॅपटॉप पुन्हा अडकला नि डाव गेला. नवा घ्यायचाय, दोनांतला कोणता प्रोसेसर घेऊ, असं तिनं त्यालाच विचारलं.

“बन्सीभाऊ, पहिला रोजच्या कामाला बास, बॅटरी लई टिकते. दुसरा तापतो, पण गेमला पळतो,” सुयशचा आवाज कानात आला. “तुम्ही पहिलाच घ्या. मी आज खातं बंद करतोय, मग खेळणार कुणाबरोबर? मी घर सोडलं तेव्हा आईसुद्धा काही बोलली नाही. तुम्ही निदान दोन शब्द लिहीत तरी होता. चला, निघतो.”

मीनाक्षीनं पहिल्यांदाच माईक सुरू केला.

.

.

“जाऊ नको रे, सुयश.”