मुलाखतीत राहिलेलं उत्तर

परमुलखात राबणाऱ्या कामगारांच्या एकजुटीवर बाईंनी सहा वर्षं संशोधन केलं. एका हॉटेलात भरलेल्या परिषदेत निबंध वाचायचा दिवस उजाडला, तर नेमका त्याच हॉटेलातल्या सफाईवाल्या बायकांचा संप! पुढच्या दारात बसलेल्या बायकांना ओलांडून आत जायला बाईंचं मन धजेना आणि निबंध सोडणंही जिवावर आलं. साप मरावा आणि काठीही मोडू नये, म्हणून त्या हळूच मागे, लाँड्रीच्या दाराशी गेल्या. तिथे पहाऱ्याला संपातली मावशी उभी. हिच्याच पोटात शिरून त्यांनी गेल्या वर्षी तीन तास मुलाखत घेतली होती.

“ताई, तुम्ही विचारलं होतं ना, संप फोडणारे आत शिरतात कुठून?” मावशी म्हणाली. “तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आता घ्या लिहून.”

सवयीनं बाईंनी वही उघडलीसुद्धा.