अध्यक्षांचा खासगी पत्रव्यवहार

'कळले.'

आयर्लंडमधल्या शॅननच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र याच्याकडून एवढंच उत्तर आलं आणि मेनूथच्या मंडळाचा अध्यक्ष उल्हास गारच पडला. सहा वर्षांचा स्नेह, आणि एक शब्द!

चूक कुणाची हे उघड होतं. दोन्ही मंडळं मिळून गणपती बसवत. मूर्ती शॅननची, ढोल मेनूथचे, आणि दोन अध्यक्षांमधला पत्रव्यवहार असा गोड, की स्लायगोच्या मंडळानं हेवा करावा. फक्त उल्हासची पत्रं सुमेधा लिहायची. नवऱ्याच्या नावानं, नवऱ्याच्या ईमेलवरून, आणि नवरा जे बिघडवेल ते आधीच सावरून घेत. उल्हास कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. मशिनचं दुखणं त्याला लांबून कळायचं. माणसाशी दोन शब्द बोलायची वेळ आली, की घसा खाकरून तो तिथंच थांबायचा. यंदा सुमेधा भाचीच्या लग्नाला पुण्याला गेली. "महिनाभर परराष्ट्र खातं तू सांभाळ," असं बजावून गेली. त्यानं सांभाळलं. लिहिलं, 'यंदा उत्सव मेनूथला. हॉल ठरवला आहे. मूर्ती घेऊन यावे.' यंदाची पाळी शॅननची होती, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

मूर्ती येते की नाही, ही काळजी होतीच. पण खरं दुखणं वेगळं होतं. शैलेंद्रची पत्रं उल्हास स्वतः वाचायचा, पुन्हा पुन्हा वाचायचा. दोघं वर्षातून एकदा गणपतीत भेटत. "काय म्हणता?" "ग्रँड!" एवढंच बोलणं. तरी या परक्या देशात आपला एक मित्र आहे, असं त्याला त्या पत्रांमुळे वाटायचं. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. तिकीट मिळून तो घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर शैलेंद्रचं पत्र आलं. 'मलाही पोचता आलं नव्हतं. गेलो तेव्हा बाबांचा चष्मा टीव्हीवर तसाच होता. तो पुसून ठेवला. तेवढीच सेवा झाली माझ्या हातून.' कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून उल्हास हमसून हमसून रडला होता. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

असा मित्र एका मेलपायी घालवायचा? शनिवारी सकाळी त्यानं गाडी काढली आणि सरळ शॅनन गाठलं. दार शैलेंद्रच्या मुलीनं उघडलं. त्याला बघताच ती आत वळून ओरडली, "डॅड, इट्स युअर मॅन फ्रॉम मेनूथ!"

शैलेंद्र बाहेर आला. उल्हासनं दारातच सांगून टाकलं, "माफ करा. ती गोड पत्रं माझी नव्हती हो. सुमेधा लिहायची. परवाचं मात्र माझं."

शैलेंद्रचा चेहराच उजळला. "अहो, आमच्याकडे तरी दुसरं काय? आमची बायको, स्वरूपाच लिहिते सगळं. तुमची मेल वाचून म्हणाली, हे सुमेधाचं नाही, हे खुद्द अध्यक्षांचं दिसतंय. आता तूच दे उत्तर, म्हणाली. मी दिलं!"

तो पोट धरून हसला. उल्हासही हसला, पण आतून पार खचला. म्हणजे सहा वर्षं आपला मित्र असा कुणी नव्हताच. त्याला विचारायचं नव्हतं, तरी तोंडून निघून गेलं, "माझे वडील गेले, तेव्हाचं पत्रही?"

शैलेंद्रचं हसू थांबलं.

"ते माझं," तो खाली बघत म्हणाला. "स्वरूपा लिहायला बसली होती. मीच म्हटलं, राहू दे, हे मी लिहितो. तेवढं एकच लिहिलं. त्याला तुमचं उत्तर आलं, 'पत्र मिळालं.' फार लागलं हो मला ते. म्हटलं, आपल्याला नाही जमत हे. पुन्हा कधी लिहायला बसलो नाही."

उल्हासनं घसा खाकरला. नेहमीसारखा थांबला. मग त्यानं शैलेंद्रचा हात घट्ट धरला.

"ते सुमेधाचं नव्हतं," तो म्हणाला. "ते मी लिहिलं होतं."