गढीचं दार

कातरीन उंबऱ्याशीच थबकली. आत मेणबत्त्या तेवत होत्या आणि समुद्राची गाज उंच छताखाली घुमत होती. सगळी गढी झोपेत श्वास घेत असल्यासारखी वाटत होती.

तरुणपणी ती तान्ह्या लेकीला घेऊन याच दाराशी उभी राहिली होती. चाच्यांनी गाव पेटवलं होतं, तरी किल्लेदाराने दार उघडलं नाही. लेकीसह ती खाडीच्या झाडीत लपून वाचली. चाच्यांना थोपवत मागे राहिलेला तिचा नवरा, बस्त्याव, वाचला नाही. पुढे किल्लेदार गेला, शिपाई गेले, आणि ओस पडलेल्या गढीचं गावकऱ्यांनी चर्च केलं. आज तिथली पहिली प्रार्थना होती.

"आत चल ना, आई," लेक म्हणाली.

"पुन्हा तोंडावर दार लावतील गं."

"दार राहिलंय कुठं? त्याच्या फळ्यांचे बाक केलेत."

कातरीन बाकावर टेकली. गाणं सुरू झालं, आणि डोळे मिटताच तिला बस्त्याव दिसला, धापा टाकत चिखलातून येताना. तिने हळूच सरकून शेजारी जागा केली.

"बस," ती पुटपुटली. "इथं आता कुणी अडवत नाही."